कोठीपोटातील किण्वन आणि नैसर्गिक पूरके

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या चारकप्पी जठराचा पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट (रोमंथिका). पूर्ण वाढलेल्या गाईत त्यात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. आत प्राणवायू जवळजवळ नसतो, तापमान ३९° से.च्या आसपास असते आणि वस्ती जिवाणू, आदिजीव, कवके व आर्किया यांची असते. गवतातील सेल्युलोज फोडणारे विकर गाईच्या शरीरात तयार होत नाही; ते या वस्तीकडून येते. चारा आंबून ॲसिटिक, प्रोपिओनिक व ब्युटिरिक ही आम्ले बनतात आणि जनावराच्या ऊर्जेची सुमारे सत्तर टक्के गरज त्यांवर भागते. सुटणाऱ्या हायड्रोजनपासून आर्किया मिथेन बनवतात. तो ढेकरांवाटे जातो आणि खाद्यातील एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के ऊर्जा घेऊन जातो.

डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरली, तर निरोगी जनावरात मिनिटाला एक-दोनदा कोठीपोटाची लाट हाताला लागते. कोवळ्या लसूणघासात उपाशी गुरे शिरली, की आत फेस धरतो, वायू अडकतो आणि तीच भकाळी ढोलासारखी वाजू लागते. अशा वेळी गोडेतेल पाजण्याची जुनी रीत बरोबर आहे, कारण तेलाने फेस मोडतो. मात्र मान फार उंच धरून घाईने पाजलेले तेल फुप्फुसात उतरते.

नैसर्गिक पूरकांचा रोख जनावरापेक्षा या सूक्ष्मजीवांवर असतो. बाभळीच्या शेंगांतील टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवते. थोडे असले तर ती प्रथिने कोठीपोटातून सुटून पुढे पचतात, फार झाले तर चाराच पचत नाही. रिठ्यातील सॅपोनिन आदिजीवांची पटले फोडते. लसणातील गंधकयुक्त द्रव्ये आर्कियांना आवरतात. पण काचपात्रात दिसलेला हा गुण गोठ्यात पुष्कळदा फिका पडतो, कारण सूक्ष्मजीव काही आठवड्यांत अशा द्रव्यांना सरावतात. यीस्टचा उपयोग मुख्यतः भरपूर पेंड-धान्य खाणाऱ्या दुभत्या जनावरांना होतो. वाळल्या कुरणावरच्या गुरांना आधी नत्र आणि खनिजे हवीत. ती नसताना महागडी पूरके देणे हा वायफळ खर्च. युरोपीय संघाने वाढीसाठी पशुखाद्यात प्रतिजैविके घालण्यावर १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी घातली, तेव्हापासून वनस्पतिजन्य पूरकांकडे अधिक लक्ष वळले. (बंदीत सापडलेले मोनेन्सिन हेही एका मातीतल्या जिवाणूचेच उत्पादन. ‘नैसर्गिक’ हा शब्द तेवढ्यापुरताच घ्यावा.) बंगळूरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे मिथेन घटवणारे पूरक तयार केले आहे.

दिवसभर रानात असलेल्या गुरांना रोज ठरावीक मात्रा देणे ही खरी अडचण. संध्याकाळचे आंबोण किंवा चाटणवीट एवढेच मार्ग उरतात, आणि विटेवर दांडगे जनावर जास्त चाटते, दुबळ्याला संधी मिळत नाही.

या अडचणीतून सुटलेले एक उदाहरण सुबाभळीचे आहे. तिच्या पाल्यात प्रथिने भरपूर, पण मिमोसिन हे विषारी द्रव्यही असते. कोठीपोटात त्यापासून बनणाऱ्या पदार्थाने अवटू ग्रंथी बिघडते. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर चरणाऱ्या गुरांचे केस गळत, गलगंड होई, वजन घटे. हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत असत. फरक कोठीपोटातील सूक्ष्मजीवांत असावा, असे रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने ताडले. १९८०च्या दशकात हवाईच्या शेळ्यांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव ऑस्ट्रेलियात आणून तिथल्या जनावरांना पाजण्यात आले. विषबाधा थांबली आणि एकत्र चरणाऱ्या इतर गुरांतही ते सूक्ष्मजीव आपसूक पसरले. त्यांतल्या विष फोडणाऱ्या जिवाणूचे १९९२ मध्ये नामकरण झाले : सिनर्जिस्टेस जोन्सी.