उपहासाला दिलेले उत्तर : नारायण वामन टिळक

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती समाजावरील आक्षेप केवळ धर्मतत्त्वांविषयी नव्हता. धर्मांतरित मनुष्य भाषेला व समाजाला परका होतो, असाही तो होता. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेले वाद खंडनमंडनाचेच होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे दुरावल्या. टिळकांचे चिरस्थायी उत्तर मात्र वादग्रंथात नसून त्यांच्या अभंग-भजनांत आहे. संतपरंपरेची वाट धरून त्यांनी परकेपणाच्या आरोपाचा आधारच काढून घेतला. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. विरोधकांच्या आक्षेपातील तथ्यांश स्वीकारण्याचे हे धैर्य प्रतिवादाहून अधिक मोलाचे ठरते.