"ती पदकं परत घ्या" म्हणणारी सैनिक आजी

जून २०१९. वॉशिंग्टनला संसदेच्या दारात एक आजी आल्या होत्या. वय ९९. अर्धी अमेरिका ओलांडून, दक्षिण डकोटामधल्या शायन रिव्हर नावाच्या आदिवासी राखीव प्रदेशातून. मागणी एकच. १८९० साली वुंडेड नी इथे जे घडलं, त्यासाठी अमेरिकी लष्कराने आपल्या सैनिकांना दिलेली 'मेडल ऑफ ऑनर' पदकं परत घ्या. हे त्या देशातलं शौर्याचं सर्वोच्च पदक. आपल्याकडच्या परमवीर चक्रासारखं.

हे वाचून कुणालाही वाटेल, असतील कुणी लष्करविरोधी कार्यकर्त्या. तर तसं अजिबात नाही. त्या आजी स्वतः त्याच लष्करातल्या माजी लेफ्टनंट होत्या. दुसऱ्या महायुद्धात युरोपात जखमी सैनिकांची शुश्रूषा केलेल्या नर्स. त्यासाठी फ्रान्सने २००४ मध्ये त्यांना आपला 'लीजन ऑफ ऑनर' हा मोठा सन्मान दिला होता.

नाव मार्सेला लबो. लाकोटा भाषेतल्या त्यांच्या नावाचा अर्थ 'सुंदर इंद्रधनुष्याची स्त्री'.

आपल्याकडे यांच्याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

जन्म १२ ऑक्टोबर १९१९. अमेरिकेतल्या सगळ्या मूळ रहिवाशांना नागरिकत्व देणारा कायदा झाला १९२४ मध्ये, म्हणजे मार्सेला चार वर्षांच्या असताना. जी जमीन हजारो वर्षं यांची, तिथलं नागरिकत्व यांना मिळालं इतक्या उशिरा! त्यांचे पणजोबा फोर बेअर हे लाकोटांचे एक प्रमुख. १८६८ च्या फोर्ट लॅरामी करारावर त्यांनी सही केली होती. ब्लॅक हिल्सचा पवित्र डोंगराळ मुलूख कायम लाकोटांचा राहील, असं त्या करारात लिहिलेलं होतं. पुढे तिथे सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये सरकारने तो मुलूख काढून घेतला.

मार्सेला दहा वर्षांच्या असताना आई गेली. शिक्षण झालं आदिवासी मुलांसाठीच्या वसतिशाळेत. या शाळांचं एकूण धोरणच मुलांना घरापासून, भाषेपासून आणि श्रद्धेपासून तोडायचं. केस कापायचे, नावं बदलायची, आणि तोंडातून लाकोटा शब्द निघाला की शिक्षा. नुसती भाषाच नाही, धर्मही गुन्हा होता. १८८३ च्या सरकारी नियमांनी सूर्यनृत्यासारख्या पवित्र विधींवर बंदी घातली होती. मूळ अमेरिकनांच्या धर्मस्वातंत्र्याचा स्पष्ट कायदा झाला तो थेट १९७८ मध्ये. तेव्हा मार्सेला साठीच्या उंबरठ्यावर होत्या.

अशा शाळेतून बाहेर पडलेली मुलगी नर्सिंग शिकते आणि १९४३ मध्ये लष्कराच्या नर्स दलात दाखल होते. त्या युद्धात सुमारे ४४ हजार मूळ अमेरिकन सैन्यात होते. त्यांची एकूण लोकसंख्या तेव्हा जेमतेम साडेतीन लाख. हिशोब तुम्हीच करा.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरलं तेव्हा मार्सेला इंग्लंडमध्ये होत्या, तिथल्या जखमींची शुश्रूषा करत. मग फ्रान्स, आणि त्यानंतर बेल्जियममधलं लिएज शहर. १९४४ च्या डिसेंबरात जर्मनांनी शेवटचा मोठा प्रतिहल्ला केला, तेव्हा त्या लिएजच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये होत्या. बाहेर कडाक्याची थंडी, वरून जर्मनांचे उडते बॉम्ब. त्यातला एक हॉस्पिटलवरही पडला. तरी काम थांबलं नाही. त्या सैनिकांची सेवा करायला मिळाली हा माझा मोठा मान, असं त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. त्यात कडवटपणा नव्हता आणि बडेजावही नव्हता.

जरा मागे जाऊ. लष्करात सेवा केलेल्या लाकोटा बायकांमध्ये मार्सेला पहिल्या नव्हेत. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात चार लाकोटा कॅथलिक जोगिणी लष्कराच्या नर्स म्हणून गेल्या, थेट क्यूबापर्यंत. त्यांच्या प्रमुख मदर अँथनी तिथेच वारल्या. त्यांना लष्करी इतमामात दफन केलं गेलं. वुंडेड नीला तेव्हा अवघी आठ वर्षं झाली होती.

तर आता वुंडेड नी. तिथे नेमकं झालं काय?

१८९० पर्यंत गवे संपले होते, जमीन गेली होती, सरकारी शिधा कमी केला होता. लोक उपाशी. अशात पश्चिमेकडून 'भूतनृत्य' नावाची एक नवी श्रद्धा आली. नाचा, प्रार्थना करा, मेलेले आप्त परत येतील, गवे परत येतील. लाकोटांनी त्यासाठी खास सदरे शिवले. ते घातले की गोळी लागणार नाही, असा विश्वास. सरकारला यात बंडाचा वास आला आणि सैन्य पाठवलं गेलं.

२८ डिसेंबरला प्रमुख स्पॉटेड एल्क यांच्या साडेतीनशेच्या आसपास माणसांना सातव्या घोडदळाने अडवलं. हे लोक शायन रिव्हरचे, म्हणजे मार्सेलांच्याच मुलखातले. यात बहुसंख्य बायका आणि मुलं. प्रमुख न्यूमोनियाने आडवे पडलेले, गाडीवर पांढरं निशाण. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रं काढून घेताना एक गोळी सुटली. मग चहूबाजूंनी गोळीबार, टेकडीवरून हॉचकिस तोफांचा मारा. पळणाऱ्या बायकांना, पोरांना दूरपर्यंत पाठलाग करून मारलं. मृतांचे अंदाज दीडशेपासून तीनशेच्या वर जातात. मग हिमवादळ आलं. गोठलेली प्रेतं काही दिवसांनी एकाच खड्ड्यात पुरली गेली.

आणि या 'लढाई'साठी वीसच्या आसपास सैनिकांना सर्वोच्च शौर्यपदकं मिळाली.

मार्सेला म्हणायच्या, आमच्या मुलखावर एक दुःख पसरून राहिलंय, ते वुंडेड नीचं आहे आणि अजून निघालेलं नाही. हे कुणा पुस्तकी अभ्यासकाचं मत नाही. ३१ वर्षं त्यांनी आदिवासी आरोग्यसेवेत काढली, ईगल ब्यूटच्या हॉस्पिटलमध्ये. मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. घरोघरचं दुखणं त्यांनी जवळून बघितलं होतं. स्वतःची आठ मुलं वाढवली. पुढे टोळीच्या कौन्सिलवर निवडून आल्या आणि सभागृहातली सिगारेट बंद करायला लावली. शेवटी नर्सच ती!

त्यांचं काम कसं चालायचं, याचं एक उदाहरण. वुंडेड नीच्या मृतांच्या अंगावरचा म्हणून सांगितलेला एक सदरा पार स्कॉटलंडला, ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह म्युझियममध्ये जाऊन पडला होता. बफेलो बिलच्या खेळाबरोबर आलेल्या दुभाष्याने तो १८९२ मध्ये तिथे दिला. सदरा परत आणण्यासाठी वुंडेड नीतून वाचलेल्यांच्या वंशजांनी जे प्रयत्न केले, त्यात मार्सेला पुढे होत्या. त्या ग्लासगोला गेल्या, आपलं म्हणणं मांडलं. १९९८ मध्ये तिथल्या नगर परिषदेने सदरा परत करायचं ठरवलं. आणि मार्सेलांनी काय केलं? तसाच एक सदरा स्वतःच्या हाताने शिवून म्युझियमला दिला. तुमची भिंत रिकामी राहायला नको, म्हणून!

मला हा प्रसंग फार आवडतो. हक्काचं मागितलं, पण समोरच्याला हरवायचं म्हणून नाही.

आता पदकांकडे येऊ. "एकदा दिलेलं शौर्यपदक परत कसं घेणार?" हा प्रश्न तिथेही विचारला गेला. पण हे आधी झालेलं आहे. १९१७ मध्ये लष्कराच्याच एका मंडळाने जुनी पदकं तपासून तब्बल ९११ नावं यादीतून काढून टाकली होती. त्यात सैनिकांवर उपचार करणाऱ्या डॉ. मेरी वॉकर याही होत्या, हे पदक मिळालेली एकमेव स्त्री. १९७७ मध्ये त्यांचं पदक परत बहाल झालं. आणि त्या मंडळाचे अध्यक्ष कोण? जनरल नेल्सन माइल्स. १८९० मध्ये वुंडेड नीला कत्तल म्हणणारे आणि तिथल्या कर्नलला हटवणारे तेच जनरल माइल्स. ९११ नावं गेली, पण वुंडेड नीची राहिली.

१९९० मध्ये, शंभर वर्षांनी, अमेरिकी संसदेने 'तीव्र खेद' व्यक्त केला. पदकांना मात्र हात लावला नाही. म्हणून २०१९ मध्ये 'डाग पुसा' अशा अर्थाच्या नावाचं विधेयक मांडलं गेलं आणि त्यासाठी ९९ वर्षांच्या मार्सेला वॉशिंग्टनला पोहोचल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. खऱ्या शौर्याने ज्यांनी हे पदक मिळवलं, त्यांच्या रांगेत हे बसत नाही. पदकाचा मान राखायचा असेल तर ही परत घ्या. हे म्हणायचा अधिकार लिएजच्या हॉस्पिटलमध्ये खऱ्या जखमा बांधणाऱ्या बाईपेक्षा जास्त कुणाला असणार?

विधेयक मंजूर झालं नाही. २१ नोव्हेंबर २०२१ रोजी मार्सेला गेल्या, वय १०२. २०२४ मध्ये संरक्षण खात्याने या पदकांची फेरतपासणी सुरू केली. पण सप्टेंबर २०२५ मध्ये नवे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी जाहीर करून टाकलं की पदकं तशीच राहतील, विषय संपला.

खरंच संपला का? मला नाही वाटत. डिसेंबरात वुंडेड नीला प्रार्थनेसाठी जाणारे लोक ही गोष्ट नातवंडांना सांगत राहणार.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, जी वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. लाकोटा भाषेत 'प्रार्थना करणं' आणि 'कुणाला नात्याने हाक मारणं' या दोन्हींसाठी एकच शब्द आहे. देवाला हाक मारायची तीही नात्याने, आणि माणसाला नात्याने हाक मारली की तीही प्रार्थनाच. हे कळल्यावर मार्सेलांचं आयुष्य सरळ दिसायला लागतं. लिएजचे जखमी पोरगे त्यांचेच, ग्लासगोचे लोकही परके नाहीत, आणि गोठलेल्या खड्ड्यातली माणसं तर घरचीच. लष्कराची सेवा आणि लष्कराला जाब, या दोन गोष्टी त्यांच्या मनात कधी भांडल्याच नाहीत.

आपल्याकडे कुणी चूक दाखवली की लगेच विचारतात, तू देशाच्या बाजूने की विरोधात? पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर त्याला या आजींची गोष्ट सांगा.