जुन्या मोटारींचे हत्यार-संच

मोटार विकताना कारखान्याने सोबत दिलेला जॅक, चाकाचा पाना, प्लग पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर इत्यादी साधनांचा संच. महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातील फियाट ११०० आणि तिचाच पुढचा अवतार प्रीमियर पद्मिनी. पेण आणि रोहा तालुक्यांतून जाणाऱ्या मुंबई–गोवा महामार्गावर गाडी बंद पडली, तर पुढचे गॅरेज येईपर्यंत डिकीतला हा संचच आधार असे.

मूळ संच आज दुर्मीळ आहेत. पाने हरवत, उसने जात किंवा भंगारात निघत; शिवाय कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत पोलाद लवकर गंजते. मुंबईचा चोरबाजार हे शोधाचे जुने ठिकाण. ओळख पटवताना आकार आधी पाहावा: फियाटचे नट मिलिमीटर मापाचे, तर विलिज जीपचे इंचाचे, त्यामुळे चुकीच्या मापाचा पाना त्या गाडीचा नव्हेच. मग घडाईची खूण, अक्षरांची उठावदार ठेवण आणि मुलामा तपासावा. नवा, चकचकीत क्रोम बहुधा प्रतिकृती सुचवतो.

प्रतिकृतीत गैर काही नाही, मात्र ती प्रतिकृती म्हणूनच विकली गेली पाहिजे. मूळ पान्यावरील गंज सौम्य फॉस्फोरिक आम्लाने काढून तेलाचा हात द्यावा. ग्राइंडर लावल्यास खूणच पुसली जाते आणि ओळखीचा पुरावा कायमचा जातो.