चापाची पिन कोण धरून ठेवतं?

लोकलमध्ये उभं राहून ऐकत असाल तर वरची कडी नीट पकडा, कारण आजचा भाग पकडून ठेवण्याबद्दलच आहे.

अंबरनाथचा इतिहास म्हटला की आपण थेट शिवमंदिरात जातो. शिलाहारांचं, 1060 सालचं. फार तर विम्कोच्या काडेपेटीपर्यंत येतो. पण अंबरनाथमध्ये भिंतीआड दोन मोठे सरकारी कारखाने आहेत, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. दोन्ही पन्नाशीच्या दशकातले. बदलापूर-अंबरनाथच्या कितीतरी घरांत 'फॅक्टरी' म्हटलं की हेच. 2021 च्या 1 ऑक्टोबरला देशातल्या 41 ऑर्डनन्स फॅक्टऱ्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या, तेव्हा हे दोन शेजारी वेगवेगळ्या कंपन्यांत गेले. पहिला यंत्र इंडियात, दुसरा आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये.

तिथे रायफली बनत नाहीत, हे आधीच सांगतो. रायफल म्हटलं की बंगालमधलं ईशापूर, नाहीतर तमिळनाडूतलं तिरुची. अंबरनाथचा संबंध पितळेशी, म्हणजे काडतुसाच्या बाजूने. शेवटी तिथे येतोच आपण.

आजचा प्रश्न एवढासा आहे. रायफलचा चाप एका पिनेवर फिरतो. घोडा दुसऱ्या पिनेवर. (बदलापुरात म्हणे महाराजांच्या सैन्याचे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर. तो घोडा वेगळा, आणि ती गोष्टही ऐकीवच.) पिन म्हणजे काय, पेन्सिलपेक्षा बारीक पोलादी तुकडा. गोळी सुटली की सगळं हत्यार हादरतं. शंभर, हजार, दहा हजार वेळा हादरतं. दर हादऱ्याला पिन केसभर सरकते. कारागीर म्हणतात, पिन 'चालायला' लागली. चालत चालत ती एका बाजूने बाहेर आली की चाप तिरका होतो, आणि मग बंदूक उडत तरी नाही किंवा नको तेव्हा उडते. मग त्या पिनेला धरून ठेवायचं कुणी? स्क्रूने, क्लिपने, स्प्रिंगने, की नुसतं घट्ट ठोकून?

मी सॉफ्टवेअरवाला. बीटेकला वर्कशॉपमध्ये फाइल घासली तेवढाच लोखंडाशी संबंध. पण या प्रश्नाची तीनशे वर्षांची उत्तरं वाचायला लागलो तेव्हा कळलं की खरा प्रश्न धातूचा कमी आणि माणसाचा जास्त आहे. हे कोण उघडणार, कुठे उघडणार, आणि तेव्हा त्याच्या हातात काय असणार?

आपल्याकडच्या तोडेदार बंदुकीत नळी दस्त्याला तारेने किंवा चामड्याच्या वादीने बांधलेली असायची. गावंढळ वाटतं ना? पण तुटली तर गावातला कुणीही नवीन वादी बांधू शकतो. इंग्रजांच्या ब्राउन बेस मस्केटमध्ये नळीच्या खाली कड्या असत आणि लाकडातून आडव्या पिना ठोकून नळी बसवलेली असे. दिसायला सुबक. पण नळी काढायची म्हणजे पंच आणि हातोडी हवी, आणि दर वेळी लाकडातलं भोक थोडं सैल होणार. फ्रेंचांनी अठराव्या शतकातच पिना सोडल्या आणि नळी-दस्त्यावरून लोखंडी पट्टे चढवले. पट्टा सरकवला की नळी मोकळी. इंग्रजांच्या पायदळाच्या मुख्य बंदुकीवर हे पट्टे यायला 1853 ची एन्फिल्ड यावी लागली. हो, तीच, 1857 च्या काडतुसांची. पण तो पट्टा जागेवर ठेवायचा कसा? आधी स्क्रूने आवळला, मग मॉडेल बदलून छोट्या स्प्रिंगने अडवला, मग पुन्हा स्क्रू. वर्जन एक, वर्जन दोन, आणि परत रोलबॅक. दीडशे वर्षांपूर्वीही टीम्स हेच करत होत्या.

आता आपल्या भागात येऊ. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. आजही रिक्षावाल्याला 'कॅम्प फोर' सांगावं लागतं ते त्यामुळे. त्या काळात भारतीय सैनिकाच्या खांद्यावरची नेहमीची रायफल म्हणजे .303 ली-एन्फिल्ड. आणि तिच्या चापाची पिन हा माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मजेशीर भाग आहे.

या रायफलीत चाप मुख्य पोलादी बॉडीला लावलेला नाही. तो खालच्या ट्रिगर गार्डला पिनेने लटकवलेला आहे. म्हणजे आपण चापाभोवती जी गोल पट्टी बघतो, तिच्यात. पण चाप ज्याला ढकलतो तो सिअर, म्हणजे मागे ताणलेला स्ट्रायकर अडवून धरणारा आकडा, तो बसलाय वरच्या बॉडीवर. आणि बॉडी आणि गार्ड यांच्या मध्ये काय? लाकूड.

आता आपल्याकडचा जुलै आठवा. दार फुगतं, कडी लागत नाही, चाळीत खांदा लावून दार ढकलायला लागतं. डिसेंबरात तेच दार सैल. रायफलच्या दस्त्याचं लाकूडही असंच वागतं. लाकूड फुगलं की गार्ड खाली जातो, त्याच्यासोबत पिन, पिनेसोबत चाप. आकसलं की सगळं वर. पिन स्वतः एक केसही चाललेली नाही, पण ती ज्याला धरून आहे तेच हललं. मग चाप किती ओढल्यावर गोळी सुटेल याचा अंदाज बदलतो. या रायफलीत चाप दोन टप्प्यांत ओढला जातो, आधी हलका, मग जड. शिपाई त्या दुसऱ्या टप्प्याच्या भरवशावर नेम धरतो. तो टप्पाच पुसट झाला तर?

यावर उपाय आला तो इंग्लंडमध्ये, नंबर 4 मार्क 2 या मॉडेलमध्ये, 1949 साली. म्हणजे कॅम्पचं उल्हासनगर झालं त्याच वर्षी. उपाय एका ओळीचा: चापाची पिन गार्डमधून काढून सरळ बॉडीला लावा. चाप आणि सिअर एकाच पोलादावर आले. लाकूड फुगो की सुको. जुन्या नंबर 4 रायफलीही मग तशा बदलून घेतल्या गेल्या. एका पिनेचा पत्ता बदलायला या घराण्याला अर्धं शतक लागलं, आणि मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. चालू असलेल्या सिस्टिममध्ये असा एक बदल करायचा म्हणजे काय, हे ज्याने प्रॉडक्शनवर काम केलंय त्याला विचारा.

गंमत म्हणजे ईशापूरने हा बदल घेतलाच नाही. त्यांची जुळवणी जुन्या मार्क 3 ची होती. 1962 च्या युद्धानंतर त्यांनी त्याच आराखड्यावर 7.62 मिलिमीटरची 2ए आणि 2ए1 काढली आणि त्यांतही चाप गार्डलाच राहिला. पण लाकडाचा प्रश्न त्यांनी पाहिला नव्हता असं नाही. भारतीय बनावटीच्या रायफलींत दस्त्याच्या लाकडातून एक आडवा स्क्रू जातो, लाकूड फाटू नये म्हणून. जगभरचे संग्राहक त्याला 'ईशापूर स्क्रू' म्हणतात. ना कुणा जनरलचं नाव, ना शास्त्रज्ञाचं. एका कारखान्याचं नाव एका स्क्रूला.

याच रायफलीत मागचा दस्ता बॉडीला जोडणारा एक लांब बोल्ट आहे. तो आपोआप फिरून सैल होऊ नये म्हणून त्याचं टोक चौकोनी करून पुढच्या लाकडात अडकवलेलं असे. हुशारी छान. पण नवशिक्याने पुढचं लाकूड न उतरवता मागून स्क्रूड्रायव्हर लावला की ते चौकोनी टोक आतून फिरतं आणि लाकूड फाडतं. किती दस्ते असे गेले असतील! नंबर 4 मध्ये पुढे साधा स्प्रिंग वॉशर आला. बोल्टला धरून ठेवायचं असेल तर उघडणाऱ्यालाही ते दिसलं पाहिजे, एवढी अक्कल त्या वॉशरमध्ये आहे.

या .303 ला नुसतं म्युझियममधलं समजू नका. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसएमटीला, म्हणजे आपल्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनात, काही पोलिसांच्या हातात हीच होती. समोर एके-47. त्या रात्री कमी पडलं ते पुष्कळ काही, त्याचा दोष पिनेवर टाकत नाही. पण शंभर वर्षांचं डिझाइन पोलिसाच्या खांद्यावर होतं, हे खरं.

आणि एके-47 चं उत्तर बघा. कलाश्निकोव्हच्या रायफलीत चाप आणि घोड्याच्या पिनांना खाच असते, आणि डाव्या भिंतीला लागून एक वाकवलेली तार त्या खाचांत बसते. एकच तार, दोन पिना. अमेरिकन एम-16 तर त्याहून कंजूष. तिथे चापाची पिन धरून ठेवायला वेगळा भागच नाही. घोड्याला पुढे ढकलणारी जी स्प्रिंग आहे, तिचाच एक पाय चापाच्या पिनेच्या खाचेत टेकतो. घोडा जितका ताणला, तितकी पिन घट्ट. घोड्याच्या स्वतःच्या पिनेला घोड्याच्या पोटातली एक बारीक स्प्रिंग पकडते. स्क्रू नाही, क्लिप नाही, हरवायला काही नाही. आपली इन्सास पुण्याच्या एआरडीईने घडवली ती कलाश्निकोव्हच्याच घराण्यावरून, आणि आता अमेठीतल्या कोरवाला एके-203 बनते ती तर थेट वारसदार.

मग अमेरिकेत लोक पिनेच्या दोन्ही टोकांना बारीक स्क्रू असलेल्या खास पिना का विकत घेतात? कारण तिथे हौशी लोक मूळ चाप काढून बाजारातला तयार संच बसवतात. नव्या संचात त्या स्प्रिंगचा पाय पिनेवर टेकत नाही. म्हणजे जे काम गुपचूप होत होतं ते बंद झालं, आणि आता त्यासाठी वेगळा भाग विकत घ्या. कुणी दोन्हीकडे स्क्रू लावतो, कुणी एका बाजूला ई-क्लिप. स्क्रूवर लोक्टाइट लावला नाही तर तोही चालायला लागतो! क्लिप स्वस्त, पण उडाली की गवतात कुठे शोधायची? मला विचाराल तर मला तारच आवडते. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे, त्यामुळे ही आवडनिवड ऐकण्यापुरतीच, हेही सांगून ठेवतो.

आता अंबरनाथचं पितळ. काडतुसाच्या बुडाशी एक छोटी टोपी असते, प्रायमर. फायरिंग पिन तिच्यावर आपटते. ही टोपी पितळेच्या खळग्यात नुसती दाबून बसवली तर स्फोटाच्या दाबाने कधी कधी मागे निसटते. आणि निसटून कुठे जाते? खाली. चाप आणि घोड्याच्या मधल्या पोकळीत. एम-16 च्या घराण्यात हा ओळखीचा आजार आहे: मसुराच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा चापाखाली जाऊन बसतो आणि चाप ओढलाच जात नाही. सगळ्या पिना जागेवर, सगळ्या स्प्रिंगा ठणठणीत, आणि रायफल मुकी.

म्हणून लष्करी काडतुसात प्रायमरभोवती पितळेची कड दाबून आत वळवतात. क्रिम्प म्हणतात त्याला. ना स्क्रू, ना क्लिप. पितळच थोडं वाकवून टोपीला धरून ठेवतं. आणि ते वाकायला पितळ नेमकं हवं. फार कडक असेल तर तडकेल, फार मऊ असेल तर धरणार नाही. काडतूस पूर्ण होतं खडकीला, 1869 पासूनच्या कारखान्यात, किंवा भुसावळजवळ वरणगावला. पण रेल्वेच्या भिंतीपलीकडे, जिथून आपण रोज फास्ट लोकलने निघून जातो, तिथे पितळ वितळवून, लाटून, तापवून त्याला योग्य मऊपणा देण्याचं काम किती पिढ्यांनी केलं, ते तुमच्या बिल्डिंगमधल्या एखाद्या रिटायर्ड काकांना विचारा. गुपितं सांगणार नाहीत ते. पण पितळ किती तापवायचं हे रंगावरून कसं ओळखायचे, ते नक्की सांगतील.

पुढच्या भागात विम्कोची काडेपेटी. तोपर्यंत कडी सोडू नका, कल्याण आलंय.