शब्दांचे वतन

आपल्या समाजात दोन समजुती फार खोल रुजल्या आहेत. पहिली अशी की, उर्दू ही बाहेरून आलेली भाषा आहे. इतर लोक असे म्हणतात आणि आपल्यापैकीही काहीजण ते अभिमानाने मान्य करतात. दुसरी अशी की, मराठी ही ‘त्यांची’ भाषा असल्याने आपल्या मुलांना ती जड जाणारच. “मराठीत पास झालास तरी पुष्कळ झाले,” असे सांगणारे पालक आजही भेटतात. या दोन्ही समजुतींचा भुर्दंड अखेर विद्यार्थ्याला पडतो. म्हणून प्रस्तुत लेखात काही नित्याच्या शब्दांचे मूळ आणि अर्थ पाहून या समजुती कितपत खऱ्या आहेत, हे तपासण्याचे योजिले आहे.

प्रथम ‘उर्दू’ हाच शब्द घेऊ. हा तुर्की शब्द असून लष्कर किंवा लष्कराची छावणी असा त्याचा मूळ अर्थ आहे. मोगल काळात शाही छावणीला, आणि पुढे दिल्लीच्या शाहजहानाबाद नगरीला, ‘उर्दू-ए-मुअल्ला’ म्हणजे श्रेष्ठ छावणी असे म्हणत. तेथील भाषा ती ‘जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला’. एवढे लांबलचक नाव झिजत झिजत अठराव्या शतकाच्या अखेरीस नुसते ‘उर्दू’ एवढे उरले. त्यापूर्वी याच भाषेला हिंदवी, हिंदी, देहलवी, दखनी, रेख्ता अशी नावे होती.

नाव तुर्की असले तरी भाषेचा सांगाडा दिल्लीच्या परिसरातील खडी बोलीचा आहे. आना, जाना, खाना, देखना ही क्रियापदे, मैं, तू, हम ही सर्वनामे, का, को, से, में ही जोडणारी अव्यये, सारी याच देशातील. सय्यद अहमद देहलवी यांच्या ‘फरहंग-ए-आसफिया’ या प्रसिद्ध कोशात सुमारे ५४,००० शब्द आहेत. त्यांपैकी अरबी शब्द सुमारे साडेसात हजार आणि फारसी सुमारे सहा हजार. म्हणजे चारांतील तीन शब्द याच मातीत जन्मलेले आहेत. मग उर्दूला परकी कसे म्हणावे?

दक्षिणेत तर उर्दूचा मराठीशी थेट सोयरसंबंध जुळला. आपल्या घरात ‘मैंच गया था’, ‘वोच बोला’ असे म्हणतात. हा ‘च’ दिल्ली-लखनौच्या उर्दूत नाही. तो ‘मीच’, ‘तोच’ म्हणणाऱ्या मराठीने दखनीला दिला. याच दखनीच्या परंपरेतील वली औरंगाबादी यांचा दिवान १७२० च्या सुमारास दिल्लीस पोहोचला, आणि तोवर फारसीतच कविता करण्यात भूषण मानणारे तेथील कवी रेख्त्याकडे वळले. उर्दू काव्याच्या इतिहासात औरंगाबादचे स्थान एवढे मोठे आहे.

आता दुसरी बाजू पाहू. सुमारे तीन शतके दख्खनच्या सुलतानांचा कारभार फारसीच्या छायेत चालला आणि तिचे शब्द मराठीत उतरले. संत एकनाथांनी आपल्या एका रचनेला ‘अर्जदस्त’ हे कचेरीतले नाव दिले. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करवून घेतला आणि कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. असा कोश करावा लागला, यावरूनच ते शब्द किती रुळले होते याची कल्पना येते. पुढे ‘पेशवा’ हा फारसी शब्दच मराठी राज्याच्या प्रमुख प्रधानाचे नाव म्हणून राहिला. फडणीस, चिटणीस, पारसनीस या आडनावांतील ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, अर्थात लिहिणारा. पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा.

मात्र शब्द घर बदलतो तेव्हा कधी कधी अर्थही बदलतो. आपला विद्यार्थी अडखळतो तो नेमका येथे. ‘शिकस्त’ म्हणजे उर्दूत पराभव. मराठीत ‘प्रयत्नांची शिकस्त केली’ म्हणजे प्रयत्नांची कमाल केली. हे ठाऊक नसेल तर धडा वाचताना नायक हरला असेच मुलाला वाटणार! ‘तकरार’ म्हणजे अरबीत पुनरावृत्ती, उर्दूत वादावादी आणि मराठीतील ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणे. ‘गरीब’ म्हणजे अरबीत परका, परदेशी. उर्दूत तो निर्धन झाला, आणि मराठीत निर्धन तर झालाच, शिवाय ‘गरीब स्वभावाचा’ही झाला. ‘दफ्तर’ उर्दूत कचेरी, मराठीत ‘दप्तर’ म्हणजे सरकारी कागदपत्रे आणि मुलांची शाळेची पिशवीही. त्याचे मूळ ग्रीक भाषेत असून तेथे अर्थ होता कातडे, कारण पूर्वी कातड्यावर लिहीत. त्या पिशवीतील ‘शाई’ म्हणजे फारसी ‘सियाही’, काळेपणा. आज शाई निळी असली तरी नाव काळ्याचेच आहे.

विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अरबी शब्द बहुधा तीन अक्षरांच्या धातूपासून बनतात. क-त-ब या धातूचा अर्थ लिहिणे. त्यापासून किताब, कातिब, मकतब झाले. ऐन-लाम-मीम या तीन अक्षरांपासून इल्म, आलिम, मुअल्लिम, मालूम आणि तालीम. हीच तालीम मराठीत कुस्तीचा आखाडा झाली आणि नाटकाचा सरावही. एक धातू कळला की पाच-सहा शब्द हाती लागतात, आणि त्यांतील दोन-तीन मराठीच्या पुस्तकातही भेटतात.

हे नाते जाणत्यांनी ओळखले होते. फारसीचे अध्यापन करणारे मराठी कवी माधव जूलियन यांनी १९२५ साली ‘फारसी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला. औरंगाबादेत उर्दूची सेवा करणाऱ्या मौलवी अब्दुल हक यांनी १९३३ साली मराठीवरील फारसीच्या परिणामासंबंधी उर्दूत पुस्तक लिहिले. एकाने मराठीकडून हात पुढे केला, दुसऱ्याने उर्दूकडून.

पालकांना विनंती एवढीच की, घरी उर्दू जरूर जपावी, पण मराठीची भीती मुलांच्या मनात घालू नये. मुलांनी एक वही करावी. एका बाजूस उर्दू शब्द व अर्थ, समोर मराठी रूप व त्याचा अर्थ लिहावा. रोज दोन शब्द लिहिले तरी वर्षात सातशे होतात. परीक्षेतील गुण तर वाढतीलच, पण त्याहून मोठा लाभ असा की, वर्गात मराठीचे पुस्तक उघडताना मुलाला आपण पाहुणे आहोत असे वाटणार नाही.

शेवटी एकच शब्द. ‘वतन’ म्हणजे उर्दूत मायभूमी. मराठीत वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला जमिनीचा व कामाचा हक्क. स्वातंत्र्यानंतर गावकीची वतने कायद्याने गेली, परंतु शब्दांचे वतन कोणी खालसा करू शकत नाही. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आपल्या मुलांचे वतन आहे. ते त्यांना मिळवून देणे हे घर आणि शाळा या दोघांचेही कर्तव्य होय.