एरी रेशीम: किडा न मारता विणलेलं कापड खरंच 'अहिंसक' असतं का?

लग्नसराईत पैठणी घ्यायला गेलं की रंग, काठ, पदर आणि किंमत यावर भरपूर चर्चा होते. पण त्या रेशमी धाग्यासाठी कोषातला जीव उष्णतेने मारला जातो, हे दुकानात सहसा कुणी बोलत नाही. ज्यांना ही गोष्ट खटकते, त्यांच्यासाठी बाजारात एक पर्याय दिसतो: ईशान्य भारतातलं हातमागावरचं एरी रेशीम. त्याला 'अहिंसा रेशीम', 'पीस सिल्क' किंवा 'क्रुएल्टी-फ्री सिल्क' अशी लेबलं लावली जातात.

ही लेबलं किती खरी असतात? त्यासाठी आधी धागा कसा निघतो ते समजून घ्यावं लागेल.

नेहमीच्या रेशमात किडा का मारला जातो?

पैठणीपासून कांजीवरमपर्यंत बहुतेक रेशमी साड्या तुतीच्या रेशमाच्या असतात. तुतीची पानं खाणारी अळी स्वतःभोवती एकच अखंड धागा गुंडाळत कोष तयार करते. हा धागा शेकडो मीटर लांब असतो. कोषात अळीचा प्यूपा होतो आणि पुढे त्याचा पतंग होतो. बाहेर पडताना पतंग कोषाला भोक पाडतो आणि अखंड धाग्याचे तुकडे होतात. तसं होऊ नये म्हणून पतंग बाहेर येण्याआधीच कोषांना वाफ किंवा गरम हवा दिली जाते. आतला प्यूपा मरतो आणि धागा सलग उलगडता येतो. एका साडीसाठी असे हजारो कोष लागतात.

एरी वेगळं कसं?

एरीची अळी प्रामुख्याने एरंडाची पानं खाते. असमिया भाषेत एरंडाला 'एरा' म्हणतात, त्यावरूनच 'एरी' हे नाव पडलं. उन्हाळ्यात साधारण तीन आठवडे आणि थंडीत त्याहून जास्त दिवस पानं खाऊन ती कोष विणते.

या कोषाचं एक टोक मुळातच उघडं असतं. पतंग त्या वाटेने बाहेर पडू शकतो. शिवाय कोष एका सलग धाग्याचा नसून तुटक तंतूंच्या थरांचा असतो. त्यामुळे एरीचा धागा उलगडत नाहीत, कापसासारखा कातून काढतात. पतंग उडून गेल्यानंतरचा रिकामा कोषही यासाठी चालतो. म्हणजेच धाग्यासाठी जीव घेण्याची गरज राहत नाही.

केंद्रीय रेशीम मंडळाच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये देशात ३६,५८२ टन कच्चं रेशीम तयार झालं. त्यात एरीचा वाटा ७,३४९ टन, म्हणजे साधारण एक पंचमांश होता.

कापड कोण आणि कसं विणतं?

आसाममधल्या बोडो समाजात एरी पाळणं आणि विणणं हे घरातलंच काम आहे आणि ते प्रामुख्याने बायका करतात. मेघालयात री-भोई जिल्ह्यातल्या खासी विणकर महिला एरीपासून 'रिंडिया' नावाची शाल विणतात. तिच्या रंगासाठी लाख आणि हळदीसारखे नैसर्गिक पदार्थ वापरले जातात. 'बोडो एरी सिल्क'ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही (जीआय) मिळालं.

कोष आधी सोड्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळून त्यांचा चिकटपणा काढला जातो. मग ते मोकळे करून, एकमेकांवर पसरून वाळवले जातात आणि टकळीवर सूत कातलं जातं. आता चरखा आणि कताईची यंत्रंही वापरली जातात. एरीला तुतीच्या रेशमासारखी चमक नसते. स्पर्शाला ते सूत आणि लोकर यांच्या मधलं वाटतं, ऊब चांगली देतं आणि वापरून, धुऊन मऊ होत जातं. म्हणूनच आसाममध्ये थंडीत एरीची चादर अंगावर घेतात.

मग 'अहिंसा' या शब्दावर प्रश्न का?

कारण एरी पाळणाऱ्या अनेक समाजांत प्यूपा हे आवडीचं, प्रथिनयुक्त अन्न आहे. तो तळून किंवा शिजवून खातात आणि आठवडी बाजारात विकतातही. कित्येक घरांत एरी मुख्यतः खाण्यासाठीच पाळली जाते, कोष हे जोडउत्पादन असतं. अशा वेळी कोषाच्या उघड्या टोकातून पतंग बाहेर येत नाही. त्याआधीच प्यूपा काढून घेतला जातो.

यात विणकरांनी कुणाला फसवलेलं नसतं. त्यांच्यासाठी एकाच पाळणुकीतून जेवण, कापड आणि थोडा पैसा मिळतो आणि काहीच वाया जात नाही. 'अहिंसा' हा शब्द बऱ्याचदा पुढे, शहरातल्या विक्रीच्या टप्प्यावर जोडला जातो. अडचण अशी की पतंग उडून गेलेल्या कोषाचं कापड आणि प्यूपा काढलेल्या कोषाचं कापड यातला फरक ग्राहकाला हातात घेऊन ओळखता येत नाही.

तुतीच्या रेशमाचा 'अहिंसा' प्रयोग

हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी तुतीच्या कोषातून पतंग बाहेर पडू देऊन उरलेल्या कोषाचं सूत कातण्याची पद्धत विकसित केली. या पद्धतीत सलग धागा मिळत नाही, सूत कमी निघतं आणि कापड महाग पडतं.

मात्र पुण्यातल्या 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' या संस्थेने अशा रेशमावरही आक्षेप घेतले आहेत. एक मादी काही शे अंडी घालते. त्यातून निघणाऱ्या सगळ्या अळ्यांना पुरेल एवढा पाला कुठून आणायचा? शिवाय पेब्रिन हा रोग पुढच्या पिढीत जाऊ नये म्हणून अंडी घातल्यावर मादी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत रेशीम व्यवसायात रूढ आहे. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर यांनी घालून दिली.

खरेदी करताना काय विचारायचं?

'सिल्क मार्क' असेल तर कापड शंभर टक्के नैसर्गिक रेशमाचं आहे एवढंच कळतं. कोषातल्या जिवाचं काय झालं, हे तो सांगत नाही. त्यामुळे विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: रेशीम एरी आहे की तुतीचं? पतंग बाहेर आल्यावरच कोष घेतले होते का? आणि ते कोणत्या गावातून, कोणत्या गटाकडून आले?

नेमकी उत्तरं देणारा विक्रेता बहुधा विणकरांशी थेट जोडलेला असतो. उत्तर मिळालं नाही, तरी एरीची शाल वाईट ठरत नाही. ती हाताने कातलेली, हातमागावर विणलेली आणि विणणारीच्या घरात पैसे नेणारी असू शकते. फक्त तिला 'अहिंसक' म्हणण्याइतका पुरावा आपल्या हातात नसतो.