१. बावला खटला

मजकुरातील ‘बावला प्रकरण’ म्हणजे अब्दुल कादर बावला या मुंबईतील श्रीमंत व्यापाऱ्याचा खून आणि त्यावरील खटला. इंदूर दरबारातील नर्तकी मुमताज बेगम महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांचा आश्रय सोडून मुंबईत बावलांकडे राहत होती. १२ जानेवारी १९२५ रोजी सायंकाळी मलबार हिलवर दोघांची मोटार अडवून मारेकऱ्यांनी बावलांवर गोळ्या झाडल्या आणि मुमताजच्या चेहऱ्यावर सुऱ्याने वार केले. गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी त्याच वेळी तेथे पोहोचले. त्यांच्यातील लेफ्टनंट सीगर्ट गोल्फची काठी घेऊन मारेकऱ्यांवर धावून गेले व गोळी लागून जखमी झाले. त्यामुळे मुमताज वाचली, काही मारेकरी जागीच सापडले. बावला मात्र दगावले.

मुंबई उच्च न्यायालयात न्या. क्रंप यांच्यापुढे ज्यूरीसह खटला चालला. इंदूरचे अधिकारी आनंदराव फणसे यांचे वकीलपत्र बॅ. महंमदअली जीना यांनी घेतले होते. तिघांना फाशीची, तर फणसे यांच्यासह काहींना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. भर न्यायालयात साक्ष देणाऱ्या मुमताजचे धैर्य वाचकाने विसरू नये. महाराजांवर खटला झाला नाही. चौकशी आयोग किंवा पदत्याग असा पर्याय सरकारने ठेवल्यावर फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली. – संपा.